जोतिबाच्या वाटेवरील दगडी पूल

(इयत्ता चौथीच्या परिसर अभ्यासास पूरक पाठ)

चैत्र पौर्णिमेस जोतिबाच्या डोंगराकडे सासनकाठ्या निघाल्या म्हणजे कोल्हापूरहून जाणाऱ्या भाविकांना प्रथम पंचगंगा ओलांडावी लागते. ज्या पुलावरून पिढ्यान्पिढ्या ही वाट गेली तो शिवाजी पूल. देवस्थान विद्यार्थ्यांच्या परिचयाचे असते. पूल मात्र रोज पाहूनही अपरिचित राहतो. तो परिचित करून देणे हा या पाठाचा हेतू आहे.

इतिहास. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमातून पंचगंगा होते. पावसाळ्यात तिचे पात्र दोन्ही तीर सोडून पसरते. १८७० मध्ये राजाराम महाराज इटलीतील फ्लॉरेन्स येथे निवर्तले. पुढे अल्पवयीन चौथे शिवाजी महाराज गादीवर असताना, इंग्रजांच्या देखरेखीखालील कारभाराच्या काळात, त्या दशकात हा पूल बांधला गेला.  

रचना. दगड दाब उत्तम सोसतो, परंतु ताण सोसत नाही. दगडाची लांब फरशी दोन टोकांवर ठेवून मध्ये भार दिला तर ती खालच्या अंगास तडकते. कमानीने ही अडचण दूर होते. प्रथम लाकडी कालबूत उभारून त्यावर पाचरीच्या आकाराचे दगड दोन्ही बाजूंनी रचीत आणतात. शेवटी मधला कळीचा दगड बसला की कालबूत काढता येते. वरील भारामुळे दगड सुटत नाहीत. उलट एकमेकांत अधिकच घट्ट बसतात. तथापि कमान आपल्या पायांना बाहेरही रेटते. मधल्या खांबावर दोन बाजूंच्या कमानींचे रेटे परस्परांस तोलतात. काठावरील रेटा मात्र भक्कम तीरभिंतीनेच अडवावा लागतो.

प्रयोग. पुस्तकांच्या दोन चळतींवर पोस्टकार्ड सपाट ठेवून त्यावर खडू ठेवावेत. नंतर तेच कार्ड कमानीसारखे वाकवून चळतींच्या मध्ये बसवावे व पुन्हा खडू ठेवावेत. किती खडू पेलले हे विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावे. मग एक चळत किंचित बाजूला सरकवावी. कमान का बसली, याचे उत्तर शिक्षकांनी सांगू नये. मुलांकडूनच येऊ द्यावे.

जपणूक. पुलास खरा धोका बहुधा वरून नसून खालून असतो. पुराचे पाणी खांबांपाशी भोवरे करते व पायाखालची माती उकरून नेते. महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात कोसळला आणि वाहने वाहून गेली. कोल्हापुरात २०१९ व २०२१ च्या महापुरांत राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी ४३ फुटांची धोकारेषा ओलांडून ५५ फुटांच्या वर गेली.

शिवाजी पुलावरील दुर्घटना निराळी होती. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणारी एक लहान बस कठडा तोडून नदीत पडली आणि १३ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बालकेही होती. कमान शाबूत होती. तुटला तो कठडा. बैलगाड्यांच्या काळातील पुलावरून मोटारी धावू लागल्या म्हणजे रुंदी, कठडा व वेग यांचा पुन्हा विचार करावा लागतो. शेजारी नव्या पुलाचे काम सुरू झाले होते. परंतु जवळच ब्रह्मपुरीचे प्राचीन अवशेष असल्याने संरक्षित स्थळांविषयीच्या कायद्यामुळे ते रखडले होते. पुढे तो पूल पूर्ण झाला. प्राचीन अवशेषही जपावयाचे आणि माणसेही. दोहोंचा मेळ वेळीच घातला पाहिजे, हा यातील बोध होय.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न
१. कमानीत कळीचा दगड शेवटी का बसवितात?
२. मधल्या खांबापेक्षा तीरभिंतीवर बाजूचा रेटा अधिक का येतो?
३. आपल्या गावच्या ओढ्यावरील पूल किंवा मोरी शिक्षकांसह पाहावी. पायाशी माती उकरलेली, कठडा मोडलेला वा भेगेत झाड उगवलेले आढळल्यास त्याची नोंद करून ग्रामपंचायतीस पत्र लिहावे.

तिसरा प्रश्न वहीतच राहू नये. पत्र खरोखर धाडले जाईल तेव्हाच पाठ पुरा झाला असे समजावे.