कॅमेरा हाती आला, पुढे काय?



अॅपर्चर लहान-मोठे केल्याने काय होते, शटरचा वेग कशासाठी बदलावा, आयएसओ वाढविला की चित्रात दाणे का दिसू लागतात, एवढे ज्याला समजले त्याला कॅमेरा चालविता येतो असे म्हणावयास हरकत नाही. परंतु अक्षरे गिरविता येणे आणि पत्र लिहिता येणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच कॅमेरा चालविणे आणि छायाचित्र घेणे यांत आहे. हे अंतर महागडी लेन्स विकत घेऊन कमी होत नाही. पुष्कळ तरुण नेमके हेच करतात आणि खिसा रिकामा झाल्यावरही त्यांची चित्रे होती तशीच राहतात.

प्रस्तुत लेखात मी एकाच विषयावर भर देणार आहे, तो म्हणजे माणसाचा चेहरा. याला कारण आहे. आपल्या कित्येक घरांत आजोबा-आजींचे एकच छायाचित्र भिंतीवर असते. ते बहुधा ओळखपत्रावरून मोठे करून घेतलेले असते, आणि पणजीचे तर तेवढेही नसते. त्या पिढीकडे कॅमेरा नव्हता. आज घरोघरी मोबाईलमध्ये कॅमेरा आहे. तरीही समारंभाची चित्रे पाहिली तर व्यासपीठ, हार आणि बॅनर स्वच्छ दिसतात व पुढे बसलेल्या वृद्ध माणसांचे चेहरे मात्र काळवंडलेले दिसतात.

असे का होते? कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला समोर माणूस आहे की भिंत आहे हे मूलतः कळत नाही. समोरचे सर्व दृश्य सरासरीने मध्यम राखाडी रंगाचे आहे, असे गृहीत धरून तो हिशेब करतो. छायाचित्रणाच्या पुस्तकांत ज्याला अठरा टक्के राखाडी म्हणतात तो हाच. आता शंभर माणसे पांढरे सदरे व पांढऱ्या साड्या नेसून मंडपात बसली आहेत अशी कल्पना करा. मापकाला वाटते की प्रकाश फारच झाला. तो प्रकाश कमी करतो. पांढरे कापड मळकट राखाडी होते आणि सावळा चेहरा त्याहून खाली, काळोखात जातो. मोबाईल चेहरा ओळखून थोडी दुरुस्ती करतो हे खरे, पण पाठीमागे उघडी खिडकी किंवा चुन्याची भिंत असली की तोही फसतो.

उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यावर अधिक-उणे अशी खूण असलेले बटण असते, ते अधिक एकवर न्यावे. मोबाईलमध्ये चेहऱ्यावर बोट टेकवावे व शेजारी सूर्याची खूण दिसली की ती हळूच वर सरकवावी. साडीच्या चुण्या दिसेनाशा झाल्या तर थोडे मागे यावे. उलट, काळ्या पडद्यापुढे माणूस उभा असेल तर हाच हिशेब उणे बाजूला करावा लागतो. चेहरा आधी, कापड नंतर, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. गेल्या शतकात रंगीत छपाई जुळविण्यासाठी प्रयोगशाळांतून एक नमुना-चित्र वापरीत. त्यात गोऱ्या वर्णाची एक स्त्री असे व त्याला शर्ली कार्ड असे नाव पडले होते. तिची त्वचा ठीक उमटली की छपाई ठीक, असा दंडक होता. सावळ्या माणसाचा चेहरा बिघडला तर दोष त्याच्या वर्णाचा समजला जाई, मापाचा नव्हे! पुढे फिल्म सुधारली, नमुन्यात निरनिराळ्या वर्णांच्या व्यक्ती आल्या. पण आजही काही मोबाईल चेहरा आपोआप उजळ व गुळगुळीत करतात. ही सोय बंद करावी असे माझे स्पष्ट मत आहे. आजीच्या सुरकुत्या हा काही छपाईतला डाग नव्हे.

आता प्रकाशाकडे वळू. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते, म्हणून माणसाला दाराच्या उंबऱ्याच्या आत बसवावे, तोंड बाहेरच्या उजेडाकडे करावे. एका रविवारी हा अभ्यास करून पाहा. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला दारापाशी खुर्चीवर बसवा. प्रथम चेहरा थेट दाराकडे, मग थोडा वळवून, मग पूर्ण आडवा असे चित्र घ्या. नंतर खुर्ची दोन-दोन फूट आत सरकवीत तोच क्रम पुन्हा करा. अंधाऱ्या बाजूस कोणाला तरी पांढरी चादर धरून उभे करा आणि फरक पाहा. पंधरा-वीस चित्रांत जे समजेल ते दहा पुस्तकांत मिळणार नाही. मात्र फार जवळ जाऊ नका. हातभर अंतरावरून मोबाईलने काढलेल्या चित्रात नाक मोठे व कान लहान दिसतात. पाच-सहा फूट मागे उभे राहावे.

सभागृहात ट्यूबलाईट असल्यास चित्रावर आडवे पट्टे येतात. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवल्यास पट्टे सहसा जातात. फ्लॅशचा उजेड अंतर दुप्पट झाले की चौथाईवर येतो, म्हणून समूहचित्रात पुढची रांग पांढरीफटक आणि मागची अंधारात दिसते. छत पांढरे असेल तर फ्लॅश छताकडे वळवावा.

सहलीत सराव करावयाचा असेल तर कार्ल्याला जावे. तेथील चैत्यगृह पश्चिमाभिमुख आहे. त्यामुळे दुपारनंतर नालाकृती गवाक्षातून उजेड आत उतरतो आणि खांबांची रांग उजळते. अजिंठ्याच्या चित्रांपुढे फ्लॅशला बंदी आहे व ती योग्यच आहे. तेथे खांबाला टेकून, श्वास रोखून, कमी वेगाने चित्र घेण्याची सवय करावी.

विषय मात्र दूरचा शोधू नये. अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रे घेतली. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. गटारात उतरलेल्या माणसाजवळ ते गेले, त्यांच्या वस्तीत गेले, वारंवार गेले. एकदा जाऊन असे काम होत नाही. विद्यार्थ्यांनी आपल्याच गल्लीतील एक व्यक्ती, एक काम निवडून वर्षभर त्याचा पाठपुरावा करावा. चित्र घेण्यापूर्वी विचारावे आणि छापील प्रत नेऊन द्यावी. दुसऱ्या भेटीत ती व्यक्ती कॅमेऱ्यासमोर ताठ बसत नाही, असा माझा अनुभव आहे.

शेवटी नोंदीविषयी. दोनशे चित्रांतून दहा निवडावीत, ती दोन निरनिराळ्या ठिकाणी साठवावीत व त्यांची छापील प्रत काढावी. प्रतीच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव व तारीख लिहावी. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूस उमटतो. स्त्रियांच्या बाबतीत ‘अमक्याची आई’ एवढेच लिहू नये. तिचे स्वतःचे नाव तिलाच विचारावे, व जमल्यास माहेरचे गावही लिहून घ्यावे.