अहिल्याबाई : आई आणि आजी

वाचन : रूथ 1:1-5, 4:13-17

इंदूरच्या मुलांना अहिल्याबाई होळकरांचे घाट व देवळे ठाऊक असतात. त्यांच्या घरात काय घडले, हे मात्र त्यांना फारसे कोणी सांगत नाही.

सन 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव कामास आले. अहिल्याबाई सती निघाल्या असता सासरे मल्हारराव यांनी विनवून त्यांना थांबविले, आणि पुढे कारभार शिकविला. 1766 साली सासरे गेले, 1767 साली एकुलता मुलगा मालेराव. दत्तक घ्या व कारभार आमच्यावर सोडा, असे सांगणारे निघालेच. बाईंनी ऐकले नाही. महेश्वरी राहून, पडदा न पाळता, त्या रोज दरबारात रयतेची गाऱ्हाणी ऐकत.

उतारवयात नातू नथ्याबा वारला, मागोमाग जावई यशवंतराव फणसे. 1791 साली मुलगी मुक्ताबाई सती निघाली. आईने परोपरीने विनविले. तुमच्यामागे मी एकटी कशी जगू, असे मुलीने म्हटल्याचे सर जॉन माल्कम यांनी लिहून ठेवले आहे. तीन दिवस आईने अन्न घेतले नाही. मग त्या पुन्हा कारभार पाहू लागल्या; 13 ऑगस्ट 1795 रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

नामीचेही पती व दोन्ही मुलगे गेले. पण शेवटी तिच्या उराशी नातू आला. अहिल्याबाईंना तेवढेही मिळाले नाही.

शिक्षकांनी मोठ्या वर्गात विचारावे : सासऱ्यांच्या विनवणीने सून जगली, मग आईच्या विनवणीने मुलगी का थांबली नाही? मला वाटते, सुनेला त्या घरात काम मिळाले होते. मुक्ताबाईसाठी कोणी काय ठेवले होते?