समुद्राचा रंग : उपग्रह सांगतो ते पडताळायचे कसे?



आपल्या हैदराबादला समुद्र नाही. तरीही मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे, हे देशभरच्या कोळी बांधवांना कळवणारी संस्था आपल्याच शहरात, प्रगतीनगरला आहे. तिचे नाव भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच इन्कॉइस (स्थापना १९९९).

ही सूचना दोन गोष्टींवरून तयार होते : समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य. सूक्ष्म वनस्पती असतील तिथे अन्नसाखळी सुरू होते आणि मासे येतात. हे हरितद्रव्य रंगावरून मोजण्यासाठी भारताने ओशनसॅट उपग्रह सोडले : पहिला १९९९ मध्ये, दुसरा २००९ मध्ये, तिसरा २०२२ मध्ये.

रंगावरून मोजमाप कसे होते?
हरितद्रव्य निळा प्रकाश शोषते, हिरवा फारसा शोषत नाही. म्हणून निळ्या व हिरव्या प्रकाशाचे गुणोत्तर काढले की त्याचे प्रमाण कळते. खोल समुद्रात हा हिशेब बराच जमतो.

किनाऱ्यावर अडचण काय?
दिसते तसे नसते, म्हणून जग फसते! पावसाळ्यात गोव्याच्या मांडवी-झुआरीसारख्या नद्या गाळ आणतात. कुजलेल्या पाल्याचा पिवळट अर्कही आणतात. हा अर्क हरितद्रव्यासारखाच निळा प्रकाश शोषतो, त्यामुळे उपग्रहाला नसलेले हरितद्रव्य 'दिसते'. शिवाय उपग्रहाकडे पोचणाऱ्या प्रकाशात पाण्यातून आलेला भाग जेमतेम दहावा हिस्सा असतो. बाकीचा बहुतेक हवेतून विखुरलेला असतो आणि तो वजा करावा लागतो. गढूळ पाण्यावर ही वजाबाकीही चुकते.

चुकीच्या आकड्यावर भरवसा ठेवून होडी गेली, तर डिझेल आणि दिवस दोन्ही वाया जातात. म्हणून पडताळणी हवी.

पडताळणी कशी करतात?
१. उपग्रह वरून जाण्याच्या वेळेच्या आसपास, निरभ्र दिवशी, होडीतून पाण्याचा नमुना घेतात. भरती-ओहोटीने पाणी बदलते, म्हणून वेळ सांभाळावी लागते.
२. नमुना बारीक गाळणकागदातून गाळतात. कागदावरचे हरितद्रव्य अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून मोजतात.
३. पाण्यातून वर येणारा प्रकाशही तिथेच उपकरणाने मोजतात.
४. हे आकडे उपग्रहाच्या त्याच जागेच्या आकड्यांशी ताडून पाहतात.

एका नमुन्यावरून निकाल देत नाहीत. ओशनसॅट-२ च्या चित्रातील एक ठिपका सुमारे ३६० मीटर लांब-रुंद, आणि आपल्या हातात बाटलीभर पाणी! म्हणून अनेक जागी, अनेक ऋतूंत नमुने घ्यावे लागतात.

आम्ही वर्गात नेहमी सांगतो, की उत्तर आले म्हणजे गणित संपले नाही. ताळा करून पाहावा. उपग्रहालाही हाच नियम लागू आहे.

स्वाध्याय
१. तीन काचेचे पेले घ्या : एकात स्वच्छ पाणी, दुसऱ्यात मातीचे पाणी, तिसऱ्यात दुधाशिवायचा फिकट चहा. पांढऱ्या कागदावर ठेवून वरून पाहा. पिवळट अर्कासारखा पेला कोणता?
२. समजा, तीन ठिकाणी बाटलीतील हरितद्रव्य दर घनमीटरला ०.५, २ आणि ४ मिलिग्रॅम निघाले, उपग्रहाने १.५, ३ आणि ५ सांगितले. प्रत्येक ठिकाणी चूक किती टक्के? फरक सारखाच असून टक्केवारी का बदलली?