न मोजलेलं रीडिंग

मागच्या रविवारी संध्याकाळी आमच्या पिंपरी-चिंचवडच्या प्राधिकरणातल्या घरी एक वडील आले. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ते क्वालिटीला आहेत, मुलगी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चहा घेण्याआधीच त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला.

"मॅडम, हे वाचा जरा. भरू का पैसे?"

व्हॉट्सॲपवरचा संदेश होता. विषय तयार, रिसर्च पेपर तयार, मासिक 'आंतरराष्ट्रीय', दहा दिवसांत छापून मिळेल. लेखक म्हणून पहिल्या नावाचा दर वेगळा, तिसऱ्या-चौथ्या नावाचा वेगळा.

"तिच्या वर्गातल्या दोघांचे आले म्हणे. पुढे पीजीला लागतात ना?"

असे फोन आणि अशा भेटी आता दर महिन्याला होतात. सांगवी, भोसरी, निगडी, तळेगाव, सगळीकडचे पालक विचारतात. काहींची मुलं तर अजून बारावीत आहेत. म्हणून तुम्हा सगळ्यांशीच मोकळेपणाने बोलते.

आधी भीती घालवू. आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या 720 गुणांवर होतो. त्यात संशोधनाला एकही गुण नाही. एमडी-एमएसचा प्रवेश नीट-पीजीच्या 800 गुणांतून लागणाऱ्या रँकवर, आणि एम्ससारख्या संस्थांचा आयएनआय-सीईटीवर. रँक, आरक्षण, पसंतीक्रम, संपलं. पिंपरीच्या डी. वाय. पाटीलमध्ये जागा हवी असो, वायसीएम रुग्णालयाच्या पदव्युत्तर संस्थेत की पुण्याच्या बी. जे. मध्ये, समुपदेशनाच्या फेरीत 'तुझे पेपर किती' असं कुणी विचारत नाही. पदव्युत्तर शिक्षणात मात्र प्रबंध करावाच लागतो, आणि पुढे वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायचं असेल तर बढतीसाठी शोधनिबंध लागतात. म्हणजे संशोधन शिकायचंच आहे. पण ज्या दारासाठी तुम्ही आज पैसे मोजायला निघालात, त्या दारावर हे तिकीट तपासतच नाहीत.

परदेशाचं वेगळं आहे. अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तिथल्या पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, अर्ज करणाऱ्यांची यूएसएमएलई परीक्षेची पहिली पायरी जानेवारी 2022 पासून फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण झाली. गुणच नाहीत म्हटल्यावर अर्जातल्या बाकीच्या गोष्टींचं वजन वाढलं, त्यात संशोधनही आलं. मग एक आकडा पालकांच्या ग्रुपवर फिरायला लागला: न्यूरोसर्जरीत जागा मिळवणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या नावावर सरासरी पंचवीस पेपर असतात! तिथल्या जागावाटपाच्या 2022 च्या अहवालात साधारण तेवढी सरासरी आहे खरी. पण ते पंचवीस पेपर नव्हेत. परिषदेतली पोस्टरं, भाषणं, सारांश आणि छापलेले लेख हे सगळं तिथे एकाच रकान्यात मोजतात, आणि न्यूरोसर्जरी ही तिथल्या सगळ्यात चुरशीच्या शाखांपैकी एक. हा आकडा बघून पिंपरीतल्या एकोणीस वर्षांच्या मुलीची झोप उडवू नका.

आणि तिथे मुलाखत असते. अर्जात लिहिलेल्या प्रत्येक कामावर प्रश्न येऊ शकतो: हा प्रश्न का निवडलास, रुग्ण कसे निवडलेस, यात तू नेमकं काय केलंस? अर्जातली माहिती खोटी असल्याची शंका आली तर चौकशी होते आणि तिचा निष्कर्ष रुग्णालयांपर्यंत पोहोचतो. विकत घेतलेलं नाव तिथे नुसतं निरुपयोगी ठरत नाही, ते मुलाच्या अंगावर येतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी रेसिडेंट असताना एका वरिष्ठांनी त्यांच्या लेखात माझं नाव घातलं. मी ते आनंदाने घालू दिलं. लेख नीट वाचलाही नव्हता. पुढे नोकरीच्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "यात तुम्ही सरासरीऐवजी मध्यक का वापरलात?" मला उत्तर आलं नाही. त्यांनी पान उलटलं आणि पुढचा प्रश्न विचारला. त्या पान उलटण्याचा आवाज मला अजून आठवतो.

हा बाजार उभा कसा राहिला? जिथे जिथे नोकरी-बढतीला पेपर मोजायला लागले, तिथे तिथे पेपर विकणारे आले. आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 2018 साली 'करंट सायन्स'मध्ये याचं मोजमाप मांडलं. यूजीसीने मान्य केलेल्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेली, मोठ्या सूचींमध्ये नसलेली 1009 नियतकालिकं त्यांनी तपासली. त्यातली 88 टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची निघाली. कुणाचा पत्ता खोटा, कुणाचा ओळख क्रमांक खोटा, कुणाचा संपादक कोण तेच कळेना. ही सरकारमान्य यादीतली गत. व्हॉट्सॲपवरच्या मासिकाची काय असेल?

त्या वडिलांना मी एवढंच विचारलं, "दादा, तुमच्याकडे इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये कुणी व्हर्नियर न लावता रीडिंग भरलं तर?"

ते एकदम ताठ बसले. "चालायचं नाही. ब्रेकचा पार्ट असतो, मॅडम."

पेपर म्हणजे तोच रिपोर्ट. एखादा डॉक्टर तो वाचून औषधाचा डोस ठरवतो. न मोजलेलं रीडिंग तिथेही कुणाच्या तरी ब्रेकमध्ये जातं.

मोजलेलं रीडिंग काय करू शकतं, ते आपल्याच महाराष्ट्रात घडलंय. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नोकरीला लागले, तेव्हा कोकणात लाल विंचू चावला की धडधाकट माणसं, लहान मुलं दगावत. उपाय ठाऊक नव्हता. हा तरुण डॉक्टर रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास लिहून ठेवायचा. त्या नोंदींतून कळलं की विषाने हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं आणि माणूस जातो. 1982 साली त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरली आणि मृत्यू झपाट्याने घटले. कित्येक वर्षांनी, 2011 मध्ये, 70 रुग्णांवरची त्यांची चाचणी 'बीएमजे'त आली. 2022 ला पद्मश्री मिळाली. बिरवाडीत ना प्रयोगशाळा होती, ना कुणी मोठा गाईड. एक प्रश्न होता, आणि तो समोरच्या खाटेवर होता.

आपल्या औद्योगिक पट्ट्यात अशा खाटा कमी आहेत का? प्रेस मशीनमध्ये बोटं गेलेले कामगार, फाउंड्रीत वर्षानुवर्षं काम करून खराब झालेली छाती, रात्रपाळीत बिघडलेली साखर, पावसाळ्यातला डेंग्यू. माझ्या एका विद्यार्थिनीला पडलेला प्रश्न साधा होता: बोट चिरडलेले कामगार पाळीच्या कितव्या तासाला जखमी होतात? ती केसपेपर चाळायला बसली आणि तिच्या लक्षात आलं की त्यावर दवाखान्यात आल्याची वेळ आहे, इजा झाल्याची नाही. तो पेपर झालाच नाही. पण त्या दोन महिन्यांत ती जे शिकली, ते दहा पेपर विकत घेऊन शिकली नसती. आता रुग्णाचा इतिहास घेताना ती वेळ विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचाराल. एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची अल्पकालीन शिष्यवृत्ती 1979 पासून आहे. दोन महिन्यांचं छोटं काम, कॉलेजातलाच गाईड, आणि अहवाल मंजूर झाला की विद्यार्थ्यालाच पैसे मिळतात. पैसे कुणी कुणाला द्यायचे ते बघा. काम सुरू करण्याआधी एथिक्स कमिटीची परवानगी लागते, तिला वेळ लागतो, म्हणून दहा दिवसांत पेपर होऊच शकत नाही. एखाद्या वेगळ्या रुग्णाचा केस रिपोर्ट लिहायचा तरी रुग्णाची लेखी संमती लागते. काही मुलांना यातलं काहीच करावंसं वाटणार नाही. त्यांना नीट अभ्यास करू द्या, नीट झोपू द्या. तीही चांगले डॉक्टर होतात.

चहा गार झाला होता. मी त्या वडिलांना म्हटलं, "पेपरचं सोडा. तिला एकदा विचारा, कॅज्युअल्टीत तुला काय खटकतं."

त्यांनी तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. "काय गं, तुला तिकडं दवाखान्यात काय खटकतं?"

ती आधी गोंधळली. मग म्हणाली, "पप्पा, हाताला लागलेले पेशंट येतात ना, त्यांना कंपनीचं नाव विचारलं की गप्प बसतात. घरी लागलं म्हणतात. का बोलत नसतील?"

क्वालिटीत सतरा वर्षं काढलेला तो माणूस क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि गॅलरीत जाऊन तिला सांगायला लागला. ठेकेदार कोण असतो, हजेरी कुणाच्या वहीत लागते, ईएसआयचं कार्ड कुणाकडे असतं आणि कुणाकडे नसतं.