पाण्यात पाय टाकण्याआधी

अगं, नोकरी लागली, राहायला जागा मिळाली, सगळं कसं छान जमून आलं! काकूला तुझ्या लोकलच्या प्रवासाची धास्ती वाटतेय. मला मात्र स्टेशनपासून ऑफिसपर्यंतच्या पायी वाटेची जास्त काळजी आहे, त्यातून तू मुंबईत येतेयस ऐन पावसाळ्यात. म्हणून मोठ्या बहिणीच्या हक्कानं थोडं सांगते.

रस्त्यात पाणी साचलेलं दिसलं की आधी थांब. गावाकडे पाण्यातून चालायची सवय असते, पायाखालची जमीन ओळखीची असते. इथे त्या गढूळ पाण्याखाली मॅनहोल असतं. झाकण कधी चोरीला गेलेलं असतं, तर कधी पाणी लवकर ओसरावं म्हणून कुणीतरी काढून ठेवलेलं असतं. डॉ. दीपक अमरापूरकर हे पोटविकारांचे नामवंत तज्ज्ञ होते. २९ ऑगस्ट २०१७ च्या त्या भयंकर पावसात गाडी अडकली म्हणून ते उतरून छत्री घेऊन चालत घरी निघाले आणि एल्फिन्स्टन रोड भागात उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी वरळीच्या किनाऱ्यावर त्यांचा मृतदेह सापडला. याच शहरात वर्षानुवर्षं राहिलेला जाणता माणूस होता तो. म्हणून सांगते, ‘मी जपून जाईन’ एवढं पुरत नाही. पाणी वाहत असेल तर त्यात शिरूच नकोस. ऑफिसात थांब, दुकानात थांब, उशीर होऊ दे. साहेब रागावले तर रागावू देत. जाणं भागच असेल तर लांब दांड्याच्या छत्रीनं पुढची जमीन चाचपून मगच पाऊल टाक. पाणी कुठे गरगरताना दिसलं की तिथून लांब हो. आणि दिव्याच्या खांबाला, सिग्नलच्या किंवा विजेच्या डब्याला आधारासाठी हात लावू नकोस. ओल्या दिवसांत त्यात करंट उतरलेला असू शकतो.

दुसरं, स्टेशनचे पूल. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला, सकाळच्या गर्दीच्या वेळी, एल्फिन्स्टन रोडच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि वीसहून अधिक माणसं गेली. पाऊस कोसळत होता, लोक जिन्यावर आडोशाला थांबले होते आणि खालून गाड्यांमागून गाड्या माणसं आणून सोडत होत्या. तेव्हा जिन्यावर कधीही रेंगाळू नकोस, छत्री उघडायलासुद्धा नाही. पूल तुंबलेला दिसला तर फलाटावरच थांब, गर्दी ओसरू दे. सापडलीसच तर दोन्ही हात छातीपुढे घे म्हणजे श्वासाला जागा राहील. चप्पल निसटली, मोबाइल पडला, तरी वाकू नकोस. गर्दीच्या उलट जोर लावू नकोस, तिच्या ओघाबरोबरच तिरपं सरकत कडेला ये.

आता रस्ता ओलांडणं. थांबलेल्या बसच्या पुढून कधीही निघू नकोस, पलीकडून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तू दिसतच नाहीस. एकेरी रस्ता असला तरी दोन्हीकडे बघ, राँग साइडनं येणारे कमी नाहीत. बस, डंपर, सिमेंटचा मिक्सर यांच्या डाव्या कुशीला चिकटून उभी राहू नकोस. ड्रायव्हर उंचावर बसलेला असतो, त्याच्या अगदी पुढचं आणि डावीकडचं माणूस त्याला दिसत नाही. तो डावीकडे वळला की मागचं चाक आणखी आत येतं. त्याची नजर तुझ्यावर पडली याची खात्री झाल्याशिवाय पुढे होऊ नकोस. रस्ता ओलांडताना कानातले इअरफोन काढ, फोन पर्समध्ये ठेव. मेट्रोचं किंवा काँक्रीटचं काम चालू असेल, पत्रे लावून फुटपाथच गिळला असेल आणि रस्त्यावर उतरावंच लागलं, तर उजव्या कडेनं चाल, म्हणजे गाड्या समोरून येताना दिसतील.

एवढं सगळं सांगितलं, पण याच्याइतकंच महत्त्वाचं एक राहिलं. उद्या डुगडुगत्या पेव्हर ब्लॉकवरून तुझा पाय मुरगळला, तर लोक पहिलं हेच विचारतील, ‘बघून चालता येत नाही का?’ ते मनावर घेऊ नकोस. सावध राहणं तुझं काम, पण रस्ता चालण्याजोगा ठेवणं महापालिकेचं काम. ही मेहरबानी नव्हे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की, अडथळा नसलेला फुटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आदेश दिला की, खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे कुणाचा जीव गेला तर वारसांना ६ लाख रुपये, आणि जखमी झालेल्यांना दुखापतीनुसार ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यायची. म्हणून पडलीस, लागलं, तर कपडे झटकून गुपचूप घरी येऊ नकोस. जागेचा फोटो काढ, डॉक्टरांचा कागद जपून ठेव, जवळ कुणी असेल त्याचा नंबर घे.

आणि पडायची वाट कशाला बघायची? झाकण नसलेलं मॅनहोल दिसलं की १९१६ वर फोन कर. महापालिकेचा हा मदत क्रमांक आहे. जवळची खूण सांग, अमुक दुकानासमोर, तमुक शाळेच्या फाटकाशी. तक्रारीचा क्रमांक मागून घे. काम झालं नाही तर तोच क्रमांक सांगून पुन्हा विचार, नाहीतर वॉर्ड ऑफिसात जा. ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून शेकडो माणसं त्या खड्ड्याला वळसा घालून जातात, आणि मग एखाद्या दिवशी तिथे पाणी भरतं. तू वळसा घाल, पण फोन करूनच पुढे जा. १९१६. आत्ताच सेव्ह करून ठेव.