दमट हवा आणि धातूची तन्यता

पिंपरी-चिंचवड व चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे असंख्य सुटे भाग तयार होतात. उच्च बलाच्या पोलादी बोल्टांवर जस्ताचा मुलामा देताना हायड्रोजन पोलादात शिरतो व ते ठिसूळ होते. म्हणून असे बोल्ट मुलाम्यानंतर सुमारे २०० अंश सेल्सिअसला काही तास तापवितात.

टायटॅनियम ॲल्युमिनाइड मिश्रधातूंत मात्र हा शत्रू हवेतूनच येतो. हे मिश्रधातू निकेल मिश्रधातूंच्या सुमारे निम्म्या वजनाचे व उष्णतेत टिकणारे असून प्रवासी विमानांच्या इंजिनांतील पात्यांसाठी वापरात आहेत. परंतु सामान्य तापमानास त्यांची तन्यता, म्हणजे न तुटता ताणले जाण्याची क्षमता, अल्प असते. दमट हवेत ती आणखी घटते. हवेतील बाष्पाची ॲल्युमिनियमशी अभिक्रिया होऊन ऑक्साइड बनते व हायड्रोजनचे अणू मुक्त होतात. ते भेगेच्या टोकाशी शिरून धातू ठिसूळ करतात. निर्वातात किंवा कोरड्या ऑक्सिजनमध्ये तोच धातू अधिक ताणला जातो.

साहजिकच, कोरड्या कक्षात उत्तीर्ण झालेला नमुना पावसाळी हवेतही तसाच टिकेल, असे मानता येत नाही. चाचणीच्या अहवालात तापमानाबरोबर हवेतील आर्द्रताही नोंदविणे अगत्याचे आहे.