गवताचा गंध, गुलाबाचे नाव

कोयनानगरच्या पावसाळ्यात वसतिगृहात राहिलेल्या माजी विद्यार्थ्यांना गवती चहाचा वास आजही आठवत असेल. पाते चुरगाळले की लिंबासारखा गंध बोटांना चिकटतो. हा गंध कोठून येतो, हा प्रश्न रसायनशास्त्राचा. त्याचे मोल कोणाच्या पदरात पडते, हा इतिहासाचा. मी इतिहासाचा शिक्षक असलो तरी या दोन्ही प्रश्नांचा विचार एकत्र करावा, असे मला वाटते.

वनस्पतीच्या पेशींत साठलेल्या आणि हवेत सहज उडून जाणाऱ्या तेलांना बाष्पनशील किंवा सुगंधी तेले म्हणतात. शेंगतेलाचा डाग कागदावर कायम राहतो; या तेलांचा थेंब मात्र हळूहळू उडून जातो. गवती चहातील प्रमुख घटक सिट्रल. त्याच्या रेणूत कार्बनचे 10, हायड्रोजनचे 16 आणि ऑक्सिजनचा 1 अणू असतो. गवती चहाचेच भावंड म्हणावे असे रोशा गवत खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याला उगवते. त्याच्या तेलातील प्रमुख घटक जिरॅनिऑल. त्यात कार्बन व ऑक्सिजन तेवढेच, हायड्रोजनचे अणू मात्र 18. अवघ्या दोन अणूंच्या फरकाने लिंबाचा गंध गुलाबाकडे झुकतो.

जिरॅनिऑल एकटे उकळायचे तर सुमारे 230 अंश सेल्सिअस तापमान लागते. एवढ्या उष्णतेत गंध बिघडण्याचा धोका असतो. पाण्याच्या वाफेबरोबर मात्र ते 100 अंशांच्या किंचित खालीच वर येते. कारण पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नसल्याने दोघांचे बाष्पदाब एकत्र येतात. म्हणून भट्टीवरच्या भांड्यात गवत व पाणी भरतात, वाफ नळीने थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात नेतात आणि पाण्यावर तरंगणारे तेल अलगद काढून घेतात. शंभर किलो ओल्या गवतातून साधारण अर्धा किलो किंवा त्याहूनही कमी तेल मिळते.

एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार, तळोदा या भागांत अशा भट्ट्या होत्या. हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानात जाई आणि तेथे व बल्गेरियात गुलाबाच्या तेलात भेसळीसाठी वापरले जाई. कारण उघड आहे: एक किलो गुलाबतेलासाठी तीन ते चार हजार किलो फुले लागतात. युरोपच्या बाजारात खानदेशी तेलाला ‘तुर्की जिरेनियम तेल’ म्हणत. माल ज्या वाटेने आला तिचे नाव त्याला मिळाले. ज्या रानात तो उगवला आणि ज्या हातांनी तो कापला, त्यांचे नाव मिळाले नाही.

गुलाबाच्या तेलात इतर अनेक घटक असतात, म्हणून त्याचा पूर्ण गंध निराळा. परंतु त्यातील जिरॅनिऑल आणि रोशातील जिरॅनिऑल यांच्या रचनेत तसूभरही फरक नाही. रेणू फुलात जन्मला की रानगवतात, याने त्याचा गुण बदलत नाही. जन्मावरून प्रतवारी लावणे ही बाजाराची व समाजाची रीत आहे. निसर्गाला ती ठाऊक नाही.

विद्यार्थी मित्रांनो, पुढे कोणत्याही क्षेत्रात गेलात तरी वस्तू हातात घेताना दोन प्रश्न अवश्य विचारा: ही कशाची बनली आहे, आणि हिच्यामागे कोणाचे श्रम आहेत? पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळेल. दुसऱ्याचे उत्तर शोधावे लागेल, आणि ते लिहूनही ठेवावे लागेल.